हुकूमनाम्याच्या तारखेआधी

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीचं कौटुंबिक न्यायालय न्यू ब्रन्सविकला आहे. एडिसन, इझेलिन, पिस्कॅटवे या भागातल्या कितीतरी मराठी घरांचे घटस्फोट तिथे निकाली निघतात. दोघांत समझोता झाला असेल तर शेवटची सुनावणी फार लांबत नाही. करारावर सही स्वखुशीने केली का, मुलांच्या ताब्याबद्दल एकमत आहे का, असे प्रश्न विचारले जातात, उत्तरं नोंदली जातात आणि न्यायाधीश हुकूमनाम्यावर सही करतात. नवऱ्याच्या बाबतीत त्या सहीने लग्न संपतं. बायको एच-४ व्हिसावर असेल तर लग्नासोबत तिचा अमेरिकेत राहण्याचा हक्कही त्याच दिवशी संपतो. न्यायालय राज्याचं आणि व्हिसा केंद्र सरकारचा, त्यामुळे त्या खोलीत याबद्दल कुणी चकार शब्द न काढताही हे घडून जातं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर त्याला नवी नोकरी शोधायला किंवा आवराआवर करायला ६० दिवसांपर्यंतची मुदत मिळते. २०१७ पासून तसा नियमच आहे आणि त्याच्या बायकोमुलांनाही तो लागू होतो. लग्न मोडल्यावर मात्र अशी कुठलीही मुदत नाही. नोकरी जाणं ही माणसावर आलेली आपत्ती आहे हे त्या देशाच्या नियमांना कळलं. संसार मोडणं हीही आपत्तीच आहे, आणि तिला सावरायला दिवस लागतात, हे अजून त्या नियमांत उतरलेलं नाही.

एच-४ हा एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा. या जोडीदारांत पुरुषही आहेत आणि या लेखातलं सगळं त्यांनाही लागू पडतं. तरी या व्हिसावर बहुसंख्य बायकाच आहेत. पुण्या-नाशकातून, सांगली-कोल्हापुरातून, नागपुरातून गेलेल्या इंजिनिअर, सीए, डेंटिस्ट मुली. काहींनी इथली चांगली नोकरी सोडलेली असते, काहींची पदवी तिथे पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय चालत नाही. अनेक वर्षं या व्हिसावर काम करायला पूर्ण मनाई होती. मेघना दमानी यांनी २००७ मध्ये ‘हार्ट्स सस्पेंडेड’ हा माहितीपट केला तो याच अवस्थेवर. पुढे २६ मे २०१५ पासून काहींना कामाचा परवाना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ईएडी, मिळू लागला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा किंवा त्याच्या एच-१बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असावी, ही त्याची अट. पहिल्याच वर्षी १,७९,६०० पर्यंत जोडीदार यासाठी पात्र ठरतील असा सरकारचा अंदाज होता. पण हा परवानाही एच-४ वरच उभा आहे. लग्न मोडलं की एच-४ गेला, आणि एच-४ गेला की परवाना गेला. म्हणजे बाई स्वतः कमावती असली, घराचा निम्मा हप्ता ती भरत असली, तरी हुकूमनाम्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच कचेरीत त्याच खुर्चीवर कायद्याने बसू शकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा व्हिसाने जोडीदारापैकी एकाच्या हातात जी सत्ता येते, ती त्याला कुठल्याही विवाह कायद्याने दिलेली नाही. हिंदू विवाह कायद्याने दिलेली नाही, न्यू जर्सीच्या नाही आणि कॅलिफोर्नियाच्याही नाही. ती इमिग्रेशनच्या कागदातून आपोआप येते. बरे नवरे ती कधी वापरत नाहीत. पण भांडणात ‘व्हिसा कॅन्सल करून टाकीन’ हे वाक्य किती घरांत उच्चारलं जातं, हे अशा बायकांना मदत करणाऱ्या कुठल्याही संस्थेत विचारावं.

त्या धमकीत खरं किती, हे प्रत्येक मुलीला लग्नाआधी माहीत असायला हवं. नवऱ्याला बायकोचा एच-४ फोन करून रद्द करता येत नाही. लग्न कायद्याने टिकून आहे आणि त्याचा एच-१बी चालू आहे तोवर तिचा दर्जा टिकतो, दोघं वेगवेगळ्या घरांत राहत असली तरी. त्याने घटस्फोटाचा अर्ज नुसता दाखल केल्यानेही काही बदलत नाही. बदल घडतो तो अंतिम हुकूमनाम्याने. त्याला करता येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. मुदत संपत आली तरी तो तिच्या मुदतवाढीचा अर्ज भरत नाही, पासपोर्ट आणि मंजुरीचे कागद कुलपात ठेवतो, वकील आधी गाठतो आणि खटला शक्य तितका घाईने पुढे रेटतो. यातल्या कागदांवर उपाय आहे. विमानाने येणाऱ्यांची प्रवेशाची नोंद, म्हणजे आय-९४, २०१३ पासून संगणकावर असते आणि पासपोर्टच्या क्रमांकावरून ती ज्याची त्याला काढता येते. सरकारकडे असलेली स्वतःची फाइल माहिती कायद्याखाली मागता येते. भारतीय वकिलातीकडून हरवलेल्या पासपोर्टच्या जागी नवा मिळतो. नवऱ्याच्या कपाटाची किल्ली मिळाल्याशिवाय आपलं काहीच होणार नाही, ही समजूत आधी जायला हवी.

खरी लढाई तारखेची आहे. हुकूमनामा निघण्याआधी, दर्जा शाबूत असताना, दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज दाखल झालेला असावा लागतो. नंतर केलेला अर्ज ‘अर्जदार दर्जाबाहेर’ या कारणाने परत येतो. अगदी विलक्षण परिस्थिती दाखवली तरच अधिकारी आपल्या मर्जीने सूट देतो. पर्याय मोजकेच आहेत. विद्यापीठात प्रवेश घेऊन विद्यार्थी व्हिसा, पण त्याला फी लागते आणि बाहेर मोकळेपणी काम करता येत नाही. पर्यटक म्हणून काही महिने, त्यात काम अजिबात नाही. खटला, सामान, मुलांची शाळा उरकण्यापुरता तो उपयोगी. आणि तिसरा, स्वतःचा एच-१बी. त्याची नोंदणी मार्चमध्ये होते, वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा असतात, निवड सोडतीने होते, आणि नाव निघालं तरी काम सुरू होतं १ ऑक्टोबरला. तोपर्यंत एच-४ टिकला पाहिजे. म्हणजे वसंतात सोडत लागलेल्या बाईचा हुकूमनामा ऑगस्टमध्ये निघाला तर तिची सगळी आखणी विस्कटते.

ज्यांनी पूर्वी कधी स्वतःच्या एच-१बीवर काम केलं होतं आणि मग मुलं झाल्यावर एच-४ घेतला, त्यांच्यासाठी मात्र एक वाट खुली असते. एकदा कोट्यात मोजलं गेलेलं माणूस उरलेल्या वर्षांसाठी पुन्हा सोडतीत जात नाही, आणि एच-४ वर घालवलेली वर्षं एच-१बीच्या सहा वर्षांतून वजा होत नाहीत. डिसेंबर २००६ पासून हा हिशेब असाच आहे, तरी तो ठाऊक नसलेल्या बायका पुष्कळ आहेत.

म्हणून इमिग्रेशनचा वकील घटस्फोटाच्या वकिलाच्या आधी गाठावा. दोघांची कामं वेगळी आहेत, आणि पोटगीत निष्णात असलेल्या वकिलाला एच-४ चा हा खटका माहीत असेलच असं नाही. समझोत्याच्या वाटाघाटींत पोटगी आणि घर यांच्याइतकीच हुकूमनाम्याची तारीख हाही एक मुद्दा असू शकतो. ‘अमुक अर्ज मंजूर होईपर्यंत अंतिम हुकूमनामा मागायचा नाही’ असं दोन्ही पक्ष ठरवू शकतात. समजूतदार नवरा ते मान्य करतो, कारण मुलांची आई त्याच देशात राहावी हे त्याच्याही मुलांच्या हिताचं असतं. कॅलिफोर्नियात कागद बजावल्यापासून सहा महिने उलटल्याशिवाय लग्न संपतच नाही, त्यामुळे फ्रीमाँट-सनीव्हेलच्या बाईला थोडा श्वास मिळतो. न्यू जर्सीत दोघं राजी असतील तर काम बरंच लवकर होतं, आणि इथे लवकर होणं हेच घातक.

आणखी एक गैरसमज नेहमी आढळतो: घटस्फोट पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्परसंमतीने घेतला तर अमेरिकेत त्याची नोंद कुठे होते! नोंद होवो न होवो, लग्न संपलं की दर्जा संपला. पुढे कुठल्याही अर्जात घटस्फोटाची तारीख लिहावीच लागते, आणि मधली वर्षं दर्जाविना काढलेली उघडी पडतात. १९९६ च्या कायद्याने बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या वर गेलं आणि माणूस बाहेर पडलं तर तीन वर्षं, एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं परत येता येत नाही. हे दिवस एच-४ धारकाच्या बाबतीत सहसा आय-९४ वरची तारीख उलटल्यापासून मोजले जातात, त्यामुळे हुकूमनाम्यानंतर ताबडतोब दहा वर्षांची बंदी येते असं नाही. पण बंदी आली नाही म्हणजे दर्जा आहे असंही नाही, आणि या दोहोंतला फरक न कळल्याने कुणी घाबरून आठवड्यात बॅगा भरतं, तर कुणी निर्धास्त राहून फसतं.

आता ग्रीन कार्डाच्या रांगेकडे येऊ, कारण मराठी घरांत सगळ्यात मुकं दुःख तिथे साचलंय. १९९० च्या कायद्याने कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी सुमारे सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळे दशकाहून लांब गेली आहे. अर्ज नवऱ्याच्या नोकरीवर, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, नवऱ्याची, बायको त्याच्यासोबतची. कार्ड हातात येण्याआधी एक दिवस जरी घटस्फोट झाला तरी तिचा अर्ज निकालात निघतो आणि बारा वर्षं थांबलेली बाई रांगेत कुठेच उरत नाही. कार्ड हातात आल्यावर घटस्फोट झाला तर नोकरीतून मिळालेल्या त्या कार्डाला धक्का लागत नाही.

याचा परिणाम काय होत असेल, त्याचा विचार करा. आतून संपलेली लग्नं कागदावर चालू राहतात. ‘कार्ड येऊ दे, मग बघू’ हे वाक्य आई मुलीला फोनवर सांगते, मैत्रीण मैत्रिणीला सांगते, कधीकधी वकीलही सांगतो. गणपतीच्या आरतीला दोघं एकत्र उभी असतात, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकाला शेजारी बसतात, आणि घरी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. मुलं हे सगळं बघत मोठी होतात. त्यांतली जी भारतात जन्मली आहेत, त्यांचाही एच-४ एकविसाव्या वर्षी संपणार असतो, तो वेगळाच घोर. काही बायका या वर्षांत मारही खातात. रांग लांबवणाऱ्यांनी याचा हिशेब कधी मांडलेला नाही, कारण तो मांडायला कुठे आकडाच नाही. बारा वर्षांच्या रांगेला संसार बांधून ठेवणं हे कुठल्याही सुसंस्कृत देशाला शोभत नाही, आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही. ज्या बायकांना कामाचा परवाना आहे त्यांनी मालकाकडून स्वतःच्या नावाने ग्रीन कार्डाचा अर्ज सुरू करून घ्यावा, लग्न कितीही सुखाचं असलं तरी. ती प्रायॉरिटी डेट तिची राहते.

अमेरिकी नागरिकाशी लग्न करून गेलेल्यांचं चित्र वेगळं आहे आणि, खरं सांगायचं तर, बरंच बरं आहे. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर १९८६ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ती संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा. मधेच घटस्फोट झाला तर एकटीने तोच आय-७५१ अर्ज करता येतो. लग्न खरं होतं, कार्डापुरतं नव्हतं, एवढं सिद्ध करावं लागतं. एकत्र बँक खातं, घरभाड्याचा करार, विम्याचे कागद, सासरच्या लग्नकार्यातले फोटो हे सगळं तिथे पुरावा ठरतं. छळ झाला असेल तर १९९० पासून त्या कारणानेही सूट आहे. याशिवाय नवऱ्याने तिच्या कार्डासाठी जे आर्थिक हमीपत्र, म्हणजे आय-८६४, भरलेलं असतं ते घटस्फोटाने संपत नाही. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नापर्यंत तिला आधार देण्याचं ते बंधन ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत, किंवा ती तो देश कायमचा सोडेपर्यंत चालू राहतं. हा कागद दाखवून न्यायालयात पैसे मागता येतात.

छळाच्या बाबतीत अमेरिकेने १९९४ मध्ये मोठं पाऊल टाकलं. स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळ सोसणाऱ्या जोडीदाराला नवऱ्याच्या सहीशिवाय, त्याला कळूही न देता, स्वतःचा अर्ज करता येऊ लागला. छळामुळे घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांपर्यंत हा अर्ज करता येतो, आणि ती माहिती नवऱ्याला द्यायला सरकारी अधिकाऱ्याला कायद्याने बंदी आहे. नवरा एच-१बीवर असेल तर मात्र हा कायदा तिच्या कामाचा नाही. मार तोच, पण नवऱ्याचा व्हिसा निराळा. जानेवारी २००६ मध्ये सही झालेल्या सुधारणेने अशा बायकांना निदान कामाचा परवाना देऊ केला. तो मागण्याचा छापील अर्ज निघायला २०१७ उजाडलं. अकरा वर्षं कायदा पुस्तकात होता आणि अर्ज करायला कागद नव्हता. आजही त्यातून कामाची मुभा मिळते, राहण्याचा स्वतंत्र दर्जा मिळत नाही. पोलिसांना तपासात साथ दिली तर गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या यू व्हिसाचा मार्ग आहे, पण तो वर्षाला १०,००० जणांनाच मिळतो आणि त्याची रांगही वर्षानुवर्षांची आहे.

परावलंबी व्हिसाचा हा धागा किती कच्चा असतो हे २०१७ च्या फेब्रुवारीत साऱ्या जगाने पाहिलं. कॅन्ससमधल्या ओलेथ इथे श्रीनिवास कुचीभोटला या भारतीय इंजिनिअरची वंशद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. त्याची पत्नी सुनयना दुमाला अंत्यसंस्कारासाठी भारतात आली, तेव्हा परत जाण्याचा तिचा हक्कच उरला नव्हता, कारण तो नवऱ्याच्या व्हिसावर होता. तिथल्या एका काँग्रेस सदस्याने धावपळ केली म्हणून तिला तात्पुरता मार्ग मिळाला. तिची गोष्ट वर्तमानपत्रांत आली. घटस्फोटाने त्याच टोकाला पोचलेल्या बायकांची येत नाही.

या बायका जातात कुठे? बऱ्याचशा जातात त्या आपल्याच बायकांनी उभ्या केलेल्या संस्थांकडे. न्यू जर्सीत १९८५ मध्ये ‘मानवी’ सुरू झाली, दक्षिण आशियाई स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध काम करणारी अमेरिकेतली ती पहिली संस्था. १९८९ मध्ये न्यूयॉर्कला ‘सखी’, १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘मैत्री’. फोनवर आपल्या भाषेत बोलणारं कुणी असणं, निवारा, न्यायालयात सोबत आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा पत्ता, एवढं मिळालं तरी बाई उभी राहते. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत दागिन्यांच्या आणि घर विकणाऱ्यांच्या जाहिराती पानोपानी असतात. त्यांत या संस्थांच्या फोन क्रमांकाचं एक पान कायमचं असावं, त्याला फार खर्च येत नाही.

मुलं असली की गुंता दुप्पट होतो. तिथे जन्मलेलं मूल अमेरिकी नागरिक असतं. आईचा दर्जा गेला तरी मुलाला देशाबाहेर न्यायला बापाची किंवा न्यायालयाची परवानगी लागते. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टवरही दोघांची संमती लागते. मुलांना परस्पर परदेशी नेण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, म्हणून ‘मूल भारतात गेलं तर परत येणार नाही’ हा बापाचा युक्तिवाद न्यायाधीशाला पटतो. म्हणजे आईला तिथे राहता येत नाही आणि मुलाला घेऊन निघताही येत नाही. अशा बाईला ताबा मिळाला तरी ती तो कुठे बसून सांभाळणार? माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वात निष्ठुर जागा ही आहे.

हे असंच असावं लागतं असं मात्र नाही. जर्मनीत, जिथे म्युनिच, श्टुटगार्टला गेल्या काही वर्षांत मराठी वस्ती वाढली आहे, निवास कायद्याचं कलम ३१ जोडीदाराला स्वतंत्र हक्क देतं. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झालेला असेल तर लग्न मोडल्यावर तिला स्वतःच्या नावाने परवाना मिळतो, सुरुवातीला एक वर्षाचा. छळ असेल तर तीन वर्षांची अटही सोडता येते. पूर्वी ही मुदत दोन वर्षं होती, २०११ मध्ये ती वाढवली. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: मोजणी हुकूमनाम्यापर्यंत होत नाही, एकत्र राहणं थांबलं तिथपर्यंतच होते. घटस्फोटाआधी साधारण वर्षभर वेगळं राहावं लागतं, आणि ते वर्ष या तीन वर्षांत धरत नाहीत. अडीच वर्षांनी घर सोडणाऱ्या मुलीला हे आधी माहीत असायला हवं.

कॅनडाने २०१२ मध्ये नव्या जोडीदारांवर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट घातली होती. छळ सोसणाऱ्या बायका तिच्यामुळे अडकतात हे दिसल्यावर २०१७ मध्ये ती काढून टाकली. चूक उमगली की कायदा मागे घेता येतो, याचं हे अलीकडचं उदाहरण.

ब्रिटनमधला बदल बायकांनी लढून मिळवलेला आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने ‘एक वर्षाच्या नियमा’विरुद्ध आवाज उठवला. वर्षाच्या आत लग्न मोडलं की परत पाठवणी, मग छळ असो वा नसो, असा तो नियम होता. १९९९ मध्ये सवलत मिळाली आणि २००२ मध्ये ती नियमांत आली: छळ सिद्ध झाला तर कायमचा वास्तव्य परवाना. त्यानंतरचा प्रश्न पैशाचा होता, कारण अशा बाईला सरकारी मदत घ्यायला मनाई, आणि मदतीशिवाय निवाराघर तिला घेईना. एप्रिल २०१२ पासून तीन महिन्यांची तात्पुरती मुभा आणि मदत मिळू लागली. तरीही एक जण सुटलीच होती: जिला ‘माहेरी जाऊन ये’ म्हणून भारतात आणून सोडलं, पासपोर्ट काढून घेतला आणि नवरा एकटा परतला, ती. न्यायालयातल्या लढ्यानंतर जानेवारी २०२४ पासून अशा बाईला भारतात बसूनही परतण्यासाठी अर्ज करता येतो. नोकरदाराच्या किंवा विद्यार्थ्याच्या डिपेंडंटला मात्र तिथेही कायमचा परवाना मिळत नाही.

गोव्याचा संबंध इथे थेट येतो. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडन, साउथॉलला गेलेले हजारो गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून तिथे गेले, आणि त्यांचे भारतीय पासपोर्टवरचे जोडीदार त्यांच्या मागोमाग. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशातलं कलम १३ अशा जोडीदाराला घटस्फोटानंतर राहू देतं. लग्न निदान तीन वर्षं टिकलेलं आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलेलं असावं, किंवा मुलांचा ताबा असावा, किंवा छळ झालेला असावा. ब्रेक्झिटनंतर ‘ईयू सेटलमेंट स्कीम’ या योजनेत दर्जा मिळालेल्यांना ब्रिटनमध्ये याच धर्तीवर तो टिकवता येतो. या कलमातली एक खाच एका भारतीयाच्याच खटल्यात उघड झाली. आयर्लंडमधल्या सिंग खटल्यात जुलै २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवलं की युरोपीय जोडीदार आधी देश सोडून गेला आणि त्यानंतर घटस्फोटाचा अर्ज झाला, तर हक्क टिकत नाही. म्हणजे इथेही कुठली गोष्ट आधी घडली, यावरच सगळं. छळाच्या प्रकरणांत हे फारच अन्यायाचं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने ते सैल केलं, अर्ज वाजवी मुदतीत झाला पाहिजे एवढीच अट ठेवून.

भारतात परत पाठवलेल्या किंवा सोडून दिलेल्या मुलींसाठी आपल्या न्यायालयांनी पूर्वीच काही म्हणून ठेवलं आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी न्यायालयाने या कायद्यात नसलेल्या कारणावर मोडलं, आणि बायकोने त्या न्यायालयाचा अधिकार स्वतःहून मान्य केलेला नसेल, तर तो हुकूमनामा इथे बांधील नाही. १९९४ मध्ये एका शिक्षिकेचा खटला आला. नवरा लग्नानंतर काही दिवसांत अमेरिकेला परतला, हिने तिकडे जायचं म्हणून नोकरी सोडली, आणि हाती आली ती तिथल्या न्यायालयाची लग्न रद्द करण्याची नोटीस. त्या निकालात न्यायालयाने सरकारला कायदा करायला सुचवलं: इथे झालेलं असं लग्न परदेशी न्यायालयाने रद्द करू नये, बायकोला नवऱ्याच्या इथल्या आणि तिथल्या मालमत्तेतून पोटगी मिळावी. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना अनिवासी भारतीयांच्या लग्नाची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारं विधेयक राज्यसभेत आलं, ते कायदा झालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाच्या २८७ व्या अहवालाने पुन्हा सर्वंकष कायदा सुचवला, पासपोर्टवर वैवाहिक स्थितीची नोंद आणि जोडीदाराच्या पासपोर्टशी जोडणी सुचवली. सूचना जुन्या होत चालल्या आहेत. त्या खटल्यांतल्या बायका आता आज्या होण्याच्या वयाला आल्या.

आणि आपण वॉशिंग्टनकडे न्याय मागताना आपल्या दारातही बघायला हवं. आपल्या नागरिकाशी लग्न करून पुण्यात, मुंबईत, गोव्यात स्थायिक झालेल्या परदेशी सुना आणि जावई आहेत. लग्नाची नोंदणी होऊन ते सलग दोन वर्षं टिकलं की त्यांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकतं. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड मध्ये मात्र असंही लिहिलं आहे की अशा प्रकारे मिळालेलं कार्ड, लग्न न्यायालयाने मोडल्यावर, केंद्र सरकार रद्द करू शकतं. त्यात किती वर्षं संसार झाला याची अट नाही, मुलांचा उल्लेख नाही, छळाचा अपवाद नाही. वीस वर्षं सदाशिव पेठेत राहून मराठी बोलणाऱ्या, इथल्या शाळेत मुलं वाढवलेल्या बाईचं कार्डही त्या कलमाच्या कक्षेत येतं. कलम वापरताना अधिकारी सहानुभूती दाखवतीलही, पण हक्क अधिकाऱ्याच्या सहानुभूतीवर ठेवायचा नसतो. हे कलम बदलायला अमेरिकी काँग्रेसची गरज नाही. तीन वर्षांचा संसार, मुलांचा ताबा किंवा छळ, यांपैकी काही असेल तर कार्ड टिकेल, एवढी एक ओळ आपल्या संसदेने घालायची आहे, आणि महाराष्ट्रातून निवडून गेलेले ४८ खासदार ती मागणी येत्या अधिवेशनात करू शकतात.